‘लुलपते’ या शब्दापाशी ३५ आठवडे

एप्रिल २०२३ मधला एक रविवार. चर्चच्या संडेस्कूलमध्ये मुलांकडून बायबलमधलं बेचाळिसावं स्तोत्र पाठ करून घेत होते. हरिणी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते, तसा माझा जीव देवासाठी लुलपतो, ती ओळ. नऊ वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. “टीचर, लुलपते म्हणजे काय?” प्रश्न रास्त होता, हा शब्द पवित्र शास्त्राबाहेर आपल्याला कुठे भेटतो? मी म्हटलं, “खूप तहान लागली की धाप लागते ना, जीभ बाहेर येते, तसं.” लगेच सगळ्या वर्गाने जिभा बाहेर काढून धापा टाकून दाखवल्या. हसलो सगळे. घरी येताना मात्र लक्षात आलं, अर्थ मी बरोबर सांगितला होता, पण सांगताना दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

विश्वास उडाला होता असं अजिबात नाही. पृथ्वी गोल आहे हे जसं माहीत असतं तसा देव आहे हे मला माहीत होतं. उपासना चुकत नव्हती, गायनवृंद होता, मंडळीच्या (चर्चच्या) समितीवर नाव होतं, रात्री झोपताना दोन मिनिटं प्रार्थनाही होती. नव्हती ती ओढ. विशीतल्या डायऱ्या काढून बघितल्या तर पानं नुसती भिजलेली. ‘प्रभू, तुझ्याशिवाय करमत नाही’ असं मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. वाचताना दुसऱ्याची पत्रं चोरून वाचल्यासारखं वाटलं.

आधी नेहमीचे उपाय केले. ४० दिवसांचं वाचन, पहाटेची साखळी प्रार्थना, एक दिवस उपवास. वेळापत्रक उत्तम पाळलं गेलं. बाकी काही हललं नाही. मग एका मैत्रिणीने संत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधने’बद्दल सांगितलं. ती मी सप्टेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात केली. पेन्टेकॉस्टच्या सणाला, १९ मे रोजी, संपली. करावीशी वाटते पण फॉर्म बघूनच छाती दडपते, असं म्हणणारे तीन जण मला या वर्षात भेटले. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे.

साधना म्हणजे काय ते थोडक्यात. इग्नेशियस हा स्पेनमधला सरदारी वृत्तीचा माणूस. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. शौर्याची आणि बाईमाणसाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. ख्रिस्ताच्या मागे जाण्याची स्वप्नं रंगवली तर नंतरही मन निवांत राहतं. हा फरक टिपता टिपता, पुढे मान्रेसा इथल्या मुक्कामात, त्याची वही तयार होत गेली. १५४८ मध्ये पोपने तिला मान्यता दिली. ती वही वाचायला घ्याल तर कंटाळाल, आधीच सांगते. पोहायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी केलेली टिपणं असावीत तशी ती आहे. पाण्यात उतरणाऱ्याने ती वाचायची गरज नसते.

मूळ साधना ३० दिवसांची, मौनातली. पण वहीतल्या एकोणिसाव्या सूचनेत नोकरी-धंद्यात अडकलेल्यांसाठी सोय आहे: घरीच राहायचं, रोज ठरलेला वेळ प्रार्थना करायची आणि मार्गदर्शकाला नियमित भेटायचं. तेच सगळं मग महिनोनमहिने चालतं. मी हीच वाट धरली, कारण सलग महिनाभर रजा मला कुणी दिली नसती आणि मागायची माझी हिंमतही नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रिट्रीट हाऊसला, म्हणजे प्रार्थनेसाठी एकांतात राहायच्या जागेला, मेल केला. पाच आठवडे उत्तर नाही. माझ्या मनाने लगेच अर्थ काढला की देवाचीच इच्छा नसावी. शेवटी फोन केला तेव्हा कळलं की माझा मेल खोल्यांच्या बुकिंगच्या पत्त्यावर गेला होता आणि मला किती जणांसाठी खोली हवी आहे हे न कळल्याने तो तसाच पडून होता. तेव्हा फोनच करा. देवाची इच्छा वगैरे नंतर तपासता येते.

फॉर्म सहा पानी. बाप्तिस्मा कधी झाला, कुठल्या मंडळीचे सभासद, याआधी मौनाची रिट्रीट केली आहे का, घरात कोण कोण आहे, रोज प्रार्थनेसाठी कुठली जागा आणि कुठली वेळ मिळेल, घरच्यांना सांगितलं आहे का. हा शेवटचा प्रश्न मला उगीच वाटला होता. उगीच नव्हता. पुढे आठ महिने सकाळची सगळी धावपळ नवऱ्याच्या अंगावर पडली. त्याला आधी विचारलं नसतं तर नोव्हेंबरमध्येच भांडण झालं असतं. (झालंच, पण लहान.)

सोबत आपल्या पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, पत्र लागतं. आमचे पाळकसाहेब फॉर्म हातात घेऊन म्हणाले, “हे कॅथलिकांचं ना?” मी म्हटलं, “हो. पण मी आहे तीच, प्रोटेस्टंटच, राहणार आहे.” पत्र मिळायला बारा दिवस लागले. दिलं तेव्हा ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “जमलं तर मलाही सांग, कसं असतं ते.”

चौदावा प्रश्न तब्येतीचा होता. झोप कशी आहे, नैराश्यासाठी कधी उपचार घेतले आहेत का, चालू औषधं कोणती. झोप नीट लागत नाही, असं मी खरं ते लिहिलं. त्यावर डॉक्टरांची चिठ्ठी आणा असं उत्तर आलं. रागच आला. देवाकडे जायला डॉक्टरांची परवानगी कशाला? पण आता वाटतं, हा नियम अगदी योग्य आहे. प्रार्थनेतला कोरडेपणा आणि नैराश्य बाहेरून जुळ्या बहिणींसारखे दिसतात. नैराश्य असेल तर त्यावर आधी उपचार हवेत. अशा अवस्थेत रोज तासभर एकट्याने शांत बसणं घातकही ठरू शकतं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, रक्त तपासलं आणि हरकत नसल्याचं लिहून दिलं. यात तीन आठवडे गेले, म्हणून सांगते, ही चिठ्ठी आधीच काढून ठेवा.

२६ ऑगस्ट, शनिवार, मुलाखत. समोर सत्तरीच्या एक सिस्टर (नन). पुढचे आठ महिने त्याच माझ्या मार्गदर्शक होत्या. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी तयारी करून गेले होते. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत क्रूसभक्त योहान यांनी वर्णन केलेली आत्म्याची काळोखी रात्र, म्हणजे देव लपल्यासारखा वाटतो तो काळ, मला लागली आहे, असं माझं निदान मी मोठ्या गांभीर्याने मांडलं. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“त्यांनी तीन खुणा सांगितल्यात,” त्या म्हणाल्या. “देवाच्या गोष्टीत गोडी वाटत नाही, आणि दुसऱ्या कशातही वाटत नाही, ही पहिली. तुझं कसं? बाकीच्या गोष्टींत मन रमतं?”

“रमतं. रात्री एक-एक वाजेपर्यंत सिरीज बघते.”

“मग ती काळोखी रात्र नाही गं. ते जागरण आहे.”

मला हसू आलं आणि रडूही. मग त्यांनी विचारलं, “तुला काय हवंय?” मी आत्मिक वाढ, ख्रिस्ताशी सहवास, समर्पण असं बरंच बोलले. त्या म्हणाल्या, “हे झालं तुला काय हवं असायला पाहिजे ते. हवंय काय?” बराच वेळ मी गप्प होते. मग तोंडून निघालं, “देव हवासा वाटावा, असं वाटतंय. सध्या वाटत नाही.”

“एवढ्यावर आत घेतात,” त्या म्हणाल्या. इग्नेशियसने स्थापन केलेल्या जेझुइट संघात येऊ पाहणाऱ्याला विचारायच्या प्रश्नांमध्येच हे लिहिलेलं आहे, असंही त्यांनी सांगितलं. ख्रिस्तासाठी अपमान सोसण्याची इच्छा तुला आहे का, असं विचारायचं. नाही म्हणाला तर, निदान तशी इच्छा व्हावी अशी तरी इच्छा आहे का, हे विचारायचं. माझ्यासारख्यांसाठीच चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी पळवाट ठेवून दिली होती.

१८ सप्टेंबर, सोमवार. पहाटे साडेपाच, ४५ मिनिटं. मोबाईल दुसऱ्या खोलीत, त्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणलं. खिडकीकडे तोंड करून एक खुर्ची. बसण्यापूर्वी खुर्चीपासून एक-दोन पावलांवर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला लागतो तेवढा वेळ उभं राहायचं आणि देव आपल्याकडे कसा बघतो आहे याचा विचार करायचा. हीसुद्धा इग्नेशियसच्या वहीतलीच सूचना. मग बसायचं, आज काय हवं ते मागायचं, ठरलेला उतारा सावकाश वाचायचा. संपल्यावर जागा बदलून पाच-दहा मिनिटं काय झालं ते लिहायचं. ‘काहीच झालं नाही’ हेही लिहायचं. माझ्या पहिल्या वहीत हे वाक्य १९ वेळा आहे.

दर गुरुवारी सिस्टरांची भेट, सुमारे पाऊण तास. ऑफिसातून दोन तास लवकर निघण्याची लेखी परवानगी काढावी लागली. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं. साहेबांना वाटलं दाताचं काहीतरी आहे. मीही सुधारलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी सिस्टरांना म्हटलं, काही होत नाही. मला वाटलं होतं धीर देतील. त्यांनी चौकशी सुरू केली. किती वाजता बसतेस? उजेड किती असतो? मध्ये उठतेस का? किती वाजता उठतेस? साधकाच्या मनात काहीच हालचाल होत नसेल तर मार्गदर्शकाने हेच विचारायचं असतं, हे मला नंतर कळलं. मी कबूल केलं की ४१ मिनिटं झाली की मी उठते, चार मिनिटांत काय बिघडतं?

“उद्यापासून ४६,” त्या म्हणाल्या. कंटाळा आला की ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसायचं, असा नियम आहे.

त्या जादा एका मिनिटात करण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं. उतारा वाचून झालेला, मागणं मागून झालेलं, झोपही उडालेली. नुसतं बसायचं. साठ सेकंद किती लांब असतात ते बघायचं असेल तर करून बघा.

ऑक्टोबरात बेचाळिसावं स्तोत्र वाट्याला आलं. मी मनात म्हटलं, हे तर मी शिकवते. सिस्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या, त्या फार बोलत नसत. मूळ इब्रीत (हिब्रूत) हरणाचा शब्द पुल्लिंगी दिसतो पण क्रियापद स्त्रीलिंगी आहे, म्हणून आपल्याकडे हरिणी झाली. आणि आपण ‘जीव’ म्हणतो त्या जागी असलेल्या ‘नेफेश’ या शब्दाचा एक जुना अर्थ घसा असाही आहे. मी म्हटलं, “म्हणजे जीव कंठाशी येणं?” सिस्टर खूश झाल्या. “हे आमच्या पुस्तकात नव्हतं,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उठले ती पाणी न पिताच खुर्चीत बसले. घसा कोरडा. ‘माझा जीव तान्हेला झाला आहे’ ही ओळ वाचली आणि आवंढा गिळला, तो गिळला जाईना. ओळ घशात होती. दर्शन नाही, अश्रू नाहीत, अंगावर काटासुद्धा नाही. पण शब्द डोक्यातून सुटून पहिल्यांदाच शरीरात कुठेतरी टेकला. ‘घसा’ एवढंच त्या दिवशी वहीत लिहिलं.

त्या स्तोत्रात ‘तुझा देव कोठे आहे?’ हा टोमणा दोनदा येतो. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हा प्रश्न दोनदा येतो, आणि त्रेचाळीस धरलं तर तिसऱ्यांदा. पाणी मिळालं असं शेवटपर्यंत कुठेच लिहिलेलं नाही. इतकी वर्षं मुलांना शिकवून मला हे दिसलं नव्हतं.

नोव्हेंबर वाईट गेला. साधनेच्या पहिल्या भागात स्वतःच्या पापाकडे आणि देवाच्या दयेकडे बघायचं असतं. मी निमूटपणे याद्या करत होते. १६ नोव्हेंबरला सिस्टरांना सांगितलं, मला हे सोडायचंय. त्यांनी नियम सांगितला: मन कोरडं असताना आधी केलेला निर्धार बदलायचा नाही, मन जागेवर असताना पाहिजे तर बदल. मग विचारलं, “मागतेस काय रोज?”

“मागत नाही. आभार मानते.”

“कधीपासून?”

मला उत्तर माहीत होतं, पण ते मी कधी शब्दांत आणलं नव्हतं. २०१६ मध्ये माझा दादा गेला. तो आजारी असताना अकरा आठवडे मी रोज देवाकडे एकच गोष्ट मागितली. मिळाली नाही. अंत्यविधीनंतर मी कधीच, कशासाठीच, खरं म्हणजे काही मागितलं नाही. सात वर्षं मी अत्यंत सभ्य प्रार्थना करत होते. परक्याच्या घरी बसावं तशी. काही नको, सगळं छान आहे, धन्यवाद.

सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र दिलं. तुम्ही ते उपासनेत फारसं ऐकलं नसेल. विलापाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते काळोखातच संपतं, इब्रीत शेवटचा शब्दच काळोख. पण बोलणं अख्खं देवाशी चाललेलं आहे, एकदाही तोंड फिरवलेलं नाही.

चौथ्या दिवशी मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि देवाला बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. आवाज वाढला असावा, कारण नवरा दारात येऊन बघून परत गेला. शेवटी ऐकू आलं की मी “मला तो हवा होता” म्हणायच्या जागी “मला तू तिथे हवा होतास” असं म्हणते आहे. तेव्हा गजर झाला. ४६ मिनिटं. नंतर मी २० मिनिटं तशीच बसले आणि ऑफिसला उशीर झाला.

माझी ओढ परत आली असेल तर ती या वाटेने आली. भक्तीच्या वाटेने येईल अशी वाट बघत होते, ती रागाच्या मागच्या दाराने आली. कुणी हवंच नसेल तर त्याच्या न येण्याचा सात वर्षं राग कोण धरतं? सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनचं एक म्हणणं सांगितलं, की तुझी इच्छा हीच तुझी प्रार्थना. इच्छा अखंड असेल तर प्रार्थना अखंड. मी म्हटलं, “मग माझी सात वर्षं चालू होती म्हणायची?” त्या म्हणाल्या, “ते त्याला विचार.” असं विचारलं की त्या नेहमी हेच म्हणत. मार्गदर्शकाने मध्ये पडू नये, देवाला आणि माणसाला आपसात वागू द्यावं, असा त्यांच्या कामाचा दंडकच आहे. सुरुवातीला याचा वैताग येतो.

डिसेंबर-जानेवारी भरभर सांगते. ३ डिसेंबरला नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला आणि २४ ला त्याचा चौथा रविवार आणि नाताळची आदली रात्र एकाच दिवशी आली. गायनवृंदाच्या तालमींत माझे सहा दिवस बुडाले. येशूच्या आयुष्यातले प्रसंग डोळ्यांपुढे उभे करायचे, त्यात आपणही कुठेतरी उभं राहायचं, असा हा भाग. माझी कल्पनाशक्ती बेताची, माझा गालील समुद्र कायम कॅलेंडरवरच्या चित्रासारखा दिसायचा. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचं पहिलं वाक्यच ‘तुम्ही काय शोधता?’ असा प्रश्न आहे, एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं. जानेवारीत दोन आठवडे तापाने आडवी होते. बुडालेले दिवस दुप्पट बसून भरून काढू नका, सिस्टरांची सक्त ताकीद होती. जिथे थांबलो तिथून पुढे.

१४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. तिथून येशूच्या दुःखसहनाचा भाग. २९ मार्चच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) उताऱ्यात योहानाचा एकोणिसावा अध्याय होता, वधस्तंभावरचे ‘मला तहान लागली आहे’ हे शब्द. मला याची थोडी भीती होती, कारण त्यावर काय वाटायला हवं हे मला आधीच माहीत होतं. मदर तेरेसांच्या संघाच्या प्रार्थनामंदिरांत क्रूसाशेजारी हेच शब्द लिहिलेले असतात. त्यांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की स्वतः त्यांनी अनेक वर्षं आतल्या काळोखात काढली. हे सगळं वाचलेलं होतं. वाचलेलं आड येतं.

तहानेवर मन टिकेना म्हणून मी पुढच्या ओळीवर गेले. आंबेत, म्हणजे आंबलेल्या द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीला लावून त्याच्या तोंडाशी नेला. आणि मला कापूस दिसला. दादाला शेवटच्या दिवसांत गिळता येत नव्हतं. नर्सने मला दाखवून दिलं होतं, कापसाचा बोळा पाण्यात बुडवायचा, थोडा पिळायचा, नुसते ओठ ओले करायचे, घशात थेंब जाता कामा नये. दर पंधरा मिनिटांनी. ओठांच्या कडेला सालं सुटलेली असायची, तिथे जपून. तो डोळे न उघडता ओठ बोळ्याच्या दिशेने हलवायचा, लहान बाळ करतं तसे.

त्या अकरा आठवड्यांत देव कुठे होता हे मी नोव्हेंबरात ओरडून विचारलं होतं. उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. मी फक्त बोळा हातात धरून त्या क्रूसाखाली उभी होते, आणि समोरचे ओठ कुणाचे आहेत ते मला नीट कळत नव्हतं. ४६ मिनिटं कधी झाली समजलं नाही. वहीत त्या दिवशी काही नाही, फक्त तारीख आहे.

यानंतर ईस्टरला, ३१ मार्चला, आकाश उघडेल असं वाटलं असेल तर मलाही वाटलं होतं. सपाट गेलं. पुनरुत्थानाचे उतारे मी आठ दिवस खाली मान घालून वाचले. येशूची शिष्या मग्दालीया मरीया त्याला माळी समजते तो प्रसंग तेवढा जवळचा वाटला. रडून डोळे सुजलेल्या बाईला समोर कोण उभं आहे ते कळत नाही, हे मला पटतं.

मग २३ एप्रिल, मंगळवार. घड्याळाचा सेल संपला होता, जाग आली ती साडेसातला. धावपळ करून ऑफिस गाठलं. अकराच्या सुमारास काहीतरी विसरल्यासारखं वाटायला लागलं. चष्मा आहे, किल्ल्या आहेत, फाईल आहे. फोन बघितला, घरचा निरोप नाही. तरी पोटात चुकचुकत होतं. मग कळलं काय राहिलंय ते. जिन्यात गेले, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर बसले. खुर्ची नाही, उतारा नाही, एक माणूस मोबाईलवर बोलत वर गेला, एक खाली आला. दहा मिनिटं बसले. ज्या गोष्टीसाठी सहा पानी फॉर्म भरला होता ती गोष्ट सेल संपल्यामुळे मला जिन्यात सापडली. ती सुखाची अजिबात नसते, हेही सांगून ठेवते. ती चुकचुकच असते.

खर्चाचं बरेच जण विचारतात. साधनेला शुल्क नव्हतं, शेवटी ऐच्छिक देणगी. तीन वह्या, गजराचं घड्याळ, येण्याजाण्याचा खर्च, लवकर निघण्यामुळे कापलेल्या काही अर्ध्या रजा. खरा खर्च झोपेचा. रात्री साडेदहाला झोपायला लागतं, म्हणजे संध्याकाळ नावाची गोष्ट संपते. २४५ दिवसांपैकी मी २११ दिवस बसले. घरात लहान मूल असेल किंवा कुणाची शुश्रूषा चालू असेल तर एखादं वर्ष थांबा, असं सिस्टर स्वतःच सांगतात. दादाच्या आजारपणात मला हे अजिबात जमलं नसतं. मार्गदर्शकाशी सूर जुळला नाही तर पहिल्या सहा आठवड्यांत बदलून मागता येतो, तसा कागदच देतात. संकोच करू नका. शेवटची भेट संपल्यावर वह्यांचं काय करायचं तेही आधी ठरवा. मी दोन ठेवल्या, नोव्हेंबरची फाडली.

पाळकसाहेबांना सांगायला गेले होते. तासभर बसलो. जाताना त्यांनी रिट्रीट हाऊसचा नंबर घेतला. मेल करू नका म्हटलं, फोन करा.

२० मेला सकाळी सवयीने साडेपाचला उठले. उतारा दिलेलाच नव्हता. पावलावर उभी राहिले, बसले, आणि कुठे जाणार, बेचाळीसच उघडलं.

त्याच दिवशी दुपारी समारोपाचा फॉर्म मेलवर आला. हा एकच पानी. तिसरा प्रश्न: ‘साधना सुरू करताना तुम्ही लिहिलेला हेतू साध्य झाला का?’ पर्याय तीन: हो, नाही, अंशतः. मी कुठेच खूण केली नाही, खाली मोकळ्या जागेत लिहिलं, ‘तहान लागते.’ दुसऱ्या दिवशी ऑफिसातून नम्र उत्तर आलं, कृपया तिन्हींपैकी एक पर्याय निवडावा, त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.

‘अंशतः’वर खूण करून पाठवला.